गरम मतांचे शब्बीरभाई

स्वरयंत्राचा कॅन्सर झालेल्या माणसाचं मन रमावं म्हणून मी त्याला सिनेमाला नेलं, आणि सिनेमा कॅन्सरचा निघाला.

पोस्टरवर पिवळी स्कूटर होती, फुगे होते आणि सगळे दात दाखवत हसणारा एक तरुण होता. एवढ्यावरून मी ठरवलं, सिनेमा विनोदी आहे. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मी दर आठवड्याला नव्या सिनेमांवर मत देतो. त्या मतावर विसंबून कुणी तिकीट का काढत नाही, ते मला त्या दिवशी उमगलं. अर्ध्या तासात त्या तरुणाचे केस गळायला लागले आणि एसीत बसून मला घाम फुटला. शेजारी शब्बीरभाई दोन्ही हात मांडीवर ठेवून ताठ बसले होते. मी त्यांच्या कानाशी लागून म्हटलं, "उठू या का? मला जरा कसंतरी होतंय."

"तुला होतंय?" ते म्हणाले. "बस गप."

आणि मग नेहमीसारखं, घसा बसला होता तरी चार रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी मत दिलं. "हा पोरगा वाचत नाय. दवाखान्यात पडून इतके दिवस झाले, घरून एक डबा तरी आला का? आई नुसती खिडकीत उभी राहून रडतेय. रडून झालं असेल तर खिचडी टाक म्हणावं."

पुढच्या रांगेतली बाई वळून म्हणाली, "काका, प्लीज!"

पोरगा खरंच वाचला नाही. मी मान खाली घालून जिना उतरत होतो. शब्बीरभाई मागून म्हणाले, "वाईट नव्हता सिनेमा. पण मरायला लय वेळ लावला त्यानं."

हे शब्बीरभाई अंबडच्या आमच्या कारखान्याचं कॅन्टीन चालवायचे. मी खरेदी विभागात नवा लागलो तेव्हा पहिल्याच दुपारी ताटाकडे बघून मोठ्यांदा म्हणालो होतो की डाळ फार पातळ आहे. आतून पळी हातात घेऊन एक उंच, सावळा माणूस बाहेर आला. माझ्या टाय लावलेल्या गळ्याकडे बघत म्हणाला, "साहेब, डाळ पातळ नाय, तुमची भूक पातळ आहे. सेकंड शिफ्टला हातोडा मारून या, हीच डाळ चावून खाल." सगळं कॅन्टीन हसलं. मी ती डाळ पिऊन टाकली आणि पुढची पंचवीस-एक वर्षं पीत राहिलो.

त्यांचा आवाज पत्र्याच्या शेडमध्ये वाढलेला. भट्टीचा भपका, एक्झॉस्ट पंख्याची घरघर, ताटांचा खणखणाट, या सगळ्याच्या वरून "शेवटची पंगत!" अशी हाक पार गेटापर्यंत जायची. विडी त्यांनी बायकोच्या, रेहानाभाभींच्या, धाकानं फार उशिरा सोडली. पण तेवढ्या धुरानंही त्या आवाजाचं काही वाकडं केलं नव्हतं. निदान आम्हाला तसं वाटायचं.

पुढे कंपनीनं कॅन्टीन एका मोठ्या केटररला दिलं, मीही निवृत्त झालो, आणि आमचा मंगळवार सुरू झाला. मंगळवारी दुपारी जेवण आणि नमाज उरकून शब्बीरभाई स्कूटरवर सिडकोत माझ्या दारात यायचे आणि आम्ही मल्टिप्लेक्सला जायचो. त्यांचा एकच नियम होता, सिनेमा निवडायचा नाही. खिडकीशी जायचं, आता लगेच कुठला सुरू होतोय ते विचारायचं आणि आत शिरायचं. भुताचा असो, युद्धाचा असो, चिमुरड्यांचा कार्टूनपट असो.

मी सुरुवातीला कुरकुर केली. "अहो, निदान विषय तरी बघू."

"कॅन्टीनला मेनू विचारून येत होतास का? जे शिजलं ते जेवलास ना? मग हे पण जेव."

दुसरा नियम असा की मत जिथल्या तिथे द्यायचं. "मत भाजीसारखं असतं बोरसे, गरम असतानाच वाढायचं. घरी जाऊन वाढलं की साय धरते." त्यामुळे ते सिनेमा चालू असतानाच बोलायचे. त्यांची कसोटीही सगळ्या सिनेमांना एकच होती, माणूस जेवला का? धावपळीच्या सिनेमातला नायक तीन देशांतून पळाला की म्हणायचे, "पळतोय खरा, पण कशाच्या जिवावर? सकाळपासून पाण्याचा घोट नाय पोटात. हा पळत नाय, याला दोरीनं ओढतायत." जुन्या हवेलीतल्या भुताच्या सिनेमात बायका किंचाळत होत्या आणि हे म्हणत होते, "एवढं मोठं घर आणि स्वयंपाकघर एकदाही दाखवलं नाय. अरे, त्या भुताला कुणी विचारलं का, बाबा तुला काय पाहिजे? उपाशी असेल ते." गुप्तहेरांच्या सिनेमावर त्यांचा राग होता, कारण त्यातली माणसं भरलेल्या ताटावरून उठून गोळ्या घालायला जातात. "अन्न टाकून उठणारा माणूस देश काय वाचवणार?"

मराठी कौटुंबिक सिनेमात मात्र ते रडायचे, आणि रडतानाही बोलायचे. "ह्यात माणसं जेवतात बघ. म्हणून रडायला येतं. जेवणाऱ्या माणसाचं वाईट झालेलं बघवत नाय."

घरी येऊन मी ग्रुपवर लिहायचो, 'छायाचित्रण वाखाणण्याजोगे, उत्तरार्ध किंचित रेंगाळतो.' हे वाक्य कुठल्याही सिनेमाला चालतं. मी ते इतक्या वेळा चालवलं की एकदा उत्तरार्ध न बघताच लिहिलं.

मग त्यांचा आवाज बसला. महिनाभर ते हळद-दूध घेत होते आणि मी ज्येष्ठमध सुचवत होतो. शेवटी भाभींनी ओढत दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या, घशातला तुकडा काढून पाठवला, आणि डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. नुसत्या रेडिएशनच्या शेकानं भागणार नाही. गळ्याला भोक राहील, श्वास तिथून चालेल, बोलणं जाईल. पण लवकर केलं तर माणूस राहील.

शब्बीरभाई नाही म्हणाले. "आवाज काढून उरतं काय? मुंडी आणि धड. ते मी शोपीस म्हणून ठेवू?"

रेहानाभाभी पिंपळगाव बसवंतच्या. माहेरी द्राक्षांच्या पॅकिंगवर बायकांच्या टोळ्या सांभाळलेल्या. त्यांची मराठी माझ्यापेक्षा ठसठशीत आहे. त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. "भाऊ, माझं ते ऐकत नाय. बायको भ्यालीय म्हणतेत. पण बोरसे म्हणला तर बघू, असं काल सोताच्या तोंडानं बोलले. तुम्ही सांगा. बस, येवढंच सांगा की करून घे."

"सांगतो ना," मी म्हटलं. "अगदी सांगतो."

आता सांगायचं म्हणजे काय, तर समोर बसून म्हणायचं, शब्बीरभाई, गळा कापून घ्या. हे माझ्याच्यानं होईना. खरेदी विभागात मी पुरवठादारांना बेधडक नाही म्हणायचो, पण ते टेबलाच्या पलीकडून. मग मला एक युक्ती सुचली, आणि माझ्या युक्त्या सुचताना फार हुशार दिसतात. मी ठरवलं, आधी त्यांचं मन हलकं करायचं आणि मग सिनेमातूनच त्यांना धीर द्यायचा. त्यासाठी मी नियम मोडला, सिनेमे निवडायला लागलो. पिवळी स्कूटर आणि फुगे ही त्यातली पहिली निवड.

दुसरी निवड, दसऱ्याच्या आसपास, युद्धपटाची. त्यात सुरुंगावर पाय पडून नायकाचा पाय जातो आणि तो लाकडी पायावर परत सीमेवर उभा राहतो, असं मी आधी नीट वाचून गेलो होतो. म्हटलं, शरीराचा एक भाग गेला तरी माणूस पुरा राहतो, हे ह्यांच्या डोक्यात आपोआप शिरेल. नायकाचा पाय गेला. नायक उभा राहिला. तुकडीपुढे त्यानं भाषण सुरू केलं आणि ते काही केल्या संपेना.

शब्बीरभाई माझ्याकडे वळले. आवाज आता खरखरीत झाला होता, तरी पुरेसा मोठा होता. "ह्याचा पाय गेला ना? मग बोलतोय कशानं? पाय गेलेला माणूस बोलून बोलून दुश्मनाला पळवतोय. तोंड गेलं असतं तर कळलं असतं साल्याला."

"शूऽऽ!" मागून कुणीतरी म्हणालं.

खेळ सुटल्यावर पार्किंगमध्ये त्यांनी स्कूटरला किल्ली लावली आणि फिरवलीच नाही. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बोरसे, तू काय म्हणतोस? करू का?"

असं सरळ, एका ओळीत विचारलं. हो म्हणायला मला तोंड उघडायचं होतं फक्त. मी म्हणालो, "चहा घेऊ या का आधी?"

 मग त्यांनी स्कूटर सुरू केली. चहा आम्ही घेतला. आल्याचा होता. त्यांना गिळताना दुखत होतं, म्हणून ते तो बशीत ओतून गार करत बसले. आणि मी त्यांना सांगत बसलो की त्या सिनेमाचं पार्श्वसंगीत किती परिणामकारक होतं.

भाभी दर आठवड्याला फोन करायच्या. "सांगितलं का, भाऊ?" मी म्हणायचो, "विषय काढलाय. वातावरण तयार करतोय." एकदा त्या म्हणाल्या, "वातावरण काय करायचं, पाऊस पाडायचाय का?" मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

तिसरी निवड सगळ्यांत हुशारीची. एका फिल्म सोसायटीनं छोट्या सभागृहात एक संथ, गाजलेला सिनेमा लावला होता. डोंगरातल्या एका वस्तीत एक मुकी बाई मडकी घडवते, एकटी राहते, कुणाचं तिच्यावाचून अडत नाही आणि तिचं कुणावाचून अडत नाही. पोरं तिच्याभोवती गोळा होतात. शेवटी ती उन्हात बसून हसते. मी मनात म्हटलं, आता हे शब्बीरभाईंना लागू पडलंच म्हणून समजा.

सिनेमाभर ते एक अक्षर बोलले नाहीत. मी खूश. वाटलं, औषध लागतंय. दिवे लागले. लोक गंभीर चेहऱ्यानं टाळ्या वाजवत होते. शब्बीरभाई उठले आणि म्हणाले, "हल्ली तू निवडतोस."

"नाही, म्हणजे..."

"पहिल्यांदा तो केस गळलेला. मग पायवाला. आता ही मुकी." आवाज इतका फाटला होता की राग त्याच्या आतून गळून जात होता. "कुत्र्याला गुळात गोळी घालून देतात तशी तू मला सिनेमात घालून देतोयस. पंचवीस वर्षं माझ्या हातचं जेवलास. मी कधी तुझ्या ताटात न सांगता काय टाकलं का?"

"शब्बीरभाई, तसं नाही."

"मग कसं? तुला जे बोलायचं ते बोल की. मी विचारलं होतं ना तुला?"

सभागृहाच्या दाराशी माणसं थांबून आमच्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, "इथं नको." ते निघून गेले. स्कूटरवरून, मला मागे न घेता.

त्यानंतरचे मंगळवार रिकामे गेले. मी फोन करायचो, भाभी उचलायच्या. "बोलायचं नाय म्हणतेत," असं सांगायच्या आणि मग आवाज खाली आणून विचारायच्या, "तुम्ही नेमकं काय बोललात त्यांना?" मी काहीच बोललो नव्हतो, हेच तर त्यांना सांगता येत नव्हतं.

एके दिवशी सकाळी मोबाईल वाजला. चष्मा हाताशी नव्हता, नंबर दिसला नाही. पलीकडून नुसती हवा. कुणी चेष्टा करतंय असं वाटून मी "फोन ठेव रे, कामधंदा नाही का?" असं ओरडून कट केला. परत वाजला. परत तीच हवा. मी आणखी एक शिवी दिली. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा बायकोनं माझ्या हातातून घेतला, ऐकलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मी खुर्चीतून उठलोच. "शब्बीरभाई आहेत," ती म्हणाली. "मंगळवार आहे म्हणतायत."

त्या दुपारी खिडकीशी त्यांनी बोट वर करून विचारलं, कुठला? कॉलेजच्या पोरापोरींची प्रेमकथा सुरू होत होती. शिरलो आत. आमच्या पुढच्याच रांगेत एक जोडपं खेटून बसलं होतं. पडद्यावर नायक-नायिका पावसात गाणं म्हणत होते आणि शब्बीरभाई बोलत होते. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला तेव्हा ऐकू आलं, "दोघंही सडपातळ. हिच्या घरी काय शिजतं, त्याला माहीत नाय. लग्नानंतर भांडतील." मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

ते बोलतच राहिले. मध्यंतराला दिवे लागले तरी पुढचं जोडपं आपल्याच नादात होतं. शब्बीरभाई त्या दोघांच्या डोक्यांकडे बघत बसले. मग माझा खांदा ओढून त्यांनी मला जवळ घेतलं.

"कुणी गप्प बसा म्हटलं नाय," ते म्हणाले.

मी मांडीवरचा पॉपकॉर्नचा पुडा खाली ठेवला.

"ऐकूच जात नाय, बोरसे. मी मघापासून बोंबलतोय."

दुसरा अर्धा सिनेमा आम्ही बघितला नाही. बाहेरच्या बाकावर बसलो. ते म्हणाले, "गेलाच आहे तो. काढून टाकू दे उद्या जे काढायचंय ते." मी मान हलवली. ज्या होकारासाठी मी सिनेमामागून सिनेमा निवडत बसलो होतो, तो एका निवड न केलेल्या सिनेमाच्या मध्यंतरात, माझ्या मदतीशिवाय आला.

ऑपरेशन झालं. डॉक्टरांचा चेहरा मात्र पहिल्यासारखा नव्हता. गाठीही काढाव्या लागल्या होत्या आणि शेकही द्यायचा होता. शब्बीरभाई घरी आले ते गळ्याला जाळीचा रुमाल बांधून. श्वास घेताना त्या रुमालाखालून बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा. लिहायला पाटी दिली, ती त्यांनी बाजूला सारली. भाभी म्हणाल्या, "लिहीपर्यंत मत गार व्हतं म्हणतेत." हे त्यांनी कसं सांगितलं ते मला कळलं नाही, पण भाभींना त्यांच्या भुवया वाचता यायच्या.

थंडी सरताना आमचा मंगळवार परत सुरू झाला, आता तिघांचा. सिनेमाचा आयुष्यभर तिटकारा केलेल्या रेहानाभाभी आमच्या मधोमध बसायच्या. शब्बीरभाई पाची बोटं जुळवून तोंडाकडे न्यायचे, मग पडद्याकडे भुवई उडवायचे, आणि भाभी खणखणीत आवाजात म्हणायच्या, "विचारतेत, हा जेवला कधी?" लोक वळून बघायचे. भाभी त्यांनाच विचारायच्या, "तुम्ही बघितलं का त्याला जेवताना?" पुढे पुढे त्या स्वतःचीही मतं घुसवायला लागल्या. एका खुनाच्या सिनेमात त्या ओरडल्या, "सासूनं केलाय!" शब्बीरभाईंनी जोरजोरात हात हलवून, हे माझं नाही, असं मला सांगितलं. ते हसत होते. हसण्याला आवाज नव्हता, नुसता रुमाल फडफडत होता.

असे मंगळवार थोडेच मिळाले. दुखणं उलटलं. मानेत गाठ आली, गिळणं बंद झालं, नाकातून नळी घातली. बाटलीतून पातळ काहीतरी नळीत ओतायचं आणि तेच जेवण. मी त्यांच्याकडे जाऊन बसायचो. एका दुपारी टीव्हीवर एक भरजरी ऐतिहासिक सिनेमा लागला होता. पंगत बसली होती, चांदीची ताटं, वाफाळता भात, वाढपी तुपाची धार धरत होते. मला वाटलं, आता हे खूश होणार. एवढ्या सिनेमांत अखेर एकदाचं कुणीतरी पोटभर जेवत होतं. मी उत्साहानं म्हणालो, "बघा शब्बीरभाई, जेवतायत!"

त्यांनी डोळे मिटले आणि हाताचा पंजा माझ्याकडे आडवा केला. भाभींनी उठून टीव्ही बंद केला. "खाण्याचं दाखवू नका त्यांना," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "कालपासून सैपाकबी शेजारणीकडं करतेय मी. फोडणीचा वास सोसत नाय."

ऐन उन्हाळ्यात ते गेले. मी कब्रस्तानात गेलो ते मोठा गुलाबांचा हार घेऊन. दारात एका म्हाताऱ्या माणसानं तो माझ्या हातातून अलगद घेतला, भिंतीच्या खुंटीला अडकवला आणि मला मातीकडे नेलं. "मूठ भरून टाका," तो म्हणाला. "तीनदा." माती कोरडी होती. माझ्या मुठीतून अर्धी माझ्याच बुटांवर सांडली.

चाळिसाव्याला भाभींनी जेवायला बोलावलं होतं. पाहुणे पांगल्यावर मी जरा मागे थांबलो. काहीतरी बरं बोलून निघावं असं मनात होतं. म्हणालो, "भाभी, एक समाधान आहे. त्या पहिल्या दिवसांत मी त्यांना एकटं पडू दिलं नाही. दर मंगळवारी सिनेमाला नेलं. मला वाटलं होतं, बघता बघता त्यांचं ते ठरवतील."

भाभी ताटं गोळा करत होत्या. हातातली चळत त्यांनी खाली ठेवली.

"डॉक्टर काय म्हणले, म्हाईत हाय ना? दिवाळीआधी ऑपरेशनला आणला असता तर, म्हणले." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागानं नाही, डाळ निवडताना किडका दाणा बघावा तसं. "ते तुमच्या एका शब्दावर अडून बसले होते. सोता विचारलं होतं तुम्हाला, गाडीपाशी. मला घरी येऊन सांगितलं त्यांनी, की बोरसे चहा घेऊ म्हणला."

मी खाली ठेवलेली चळत उचलायला वाकलो.

"अल्लानं तोंड तुम्हालाबी दिलं होतं, भाऊ," रेहानाभाभी म्हणाल्या. "तुम्ही त्यात नुसता पॉपकॉर्न कोंबला."